नांगराच्या नफ्यातला वाटा

जून महिना उजाडला की नाशिकच्या मेन रोडवर आणि रविवार कारंजाच्या आसपास वह्या-पुस्तकांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा उरत नाही. यंदा मीही नातवाचे बोट धरून त्या गर्दीत उभा होतो. वह्यांचा गठ्ठा हातात आला, तशी त्याने एक वही उलटी करून मागच्या पुठ्ठ्यावरची बारीक अक्षरे वाचायला सुरुवात केली. या वहीच्या किमतीतला काही भाग गरीब मुलांच्या शिक्षणासाठी दिला जातो, अशा अर्थाचा तो मजकूर होता. नातू यंदा पाचवीत गेला आहे. त्याने मला सरळ दोन प्रश्न विचारले. काही भाग म्हणजे किती? आणि तो त्या मुलांना मिळाला की नाही, हे कोण बघते?

मी आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढली. कर्जाच्या कागदावर कुणी काही भाग असा शब्द लिहून आणला असता, तर मी तो कागद तसाच परत केला असता. किती, केव्हा आणि तारण काय, या तीन प्रश्नांवर आमचे पोट चालले. पण दुकानात उभे राहून नातवाला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याला आइसक्रीम देऊन मी वेळ मारून नेली.

संध्याकाळी गंगापूर रोडने फिरायला निघालो आणि उदाजी मराठा बोर्डिंगपाशी पाय रेंगाळले. मराठा विद्या प्रसारक समाजाची सुरुवात 1914 सालची. खेड्यातल्या कुणब्याच्या पोराला नाशकात राहायला आणि दोन घास खायला जागा मिळावी, म्हणून सुरू झालेले हे बोर्डिंग. त्याच्या इमारतीची कोनशिला बसवायला 1920 साली कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज स्वतः नाशकात आले होते. त्या काळी गरिबाच्या मुलाला शाळेपेक्षाही वसतिगृह हवे होते. शाळा शहरात असायची आणि मूल खेड्यात. मधले अंतर ओलांडायचे म्हणजे राहण्या-जेवण्याची सोय हवी. ही सोय करणारी माणसे महाराष्ट्रात त्या काळात गावोगावी उभी राहिली. त्यांतला सर्वांत मोठा माणूस शाहू महाराजांच्याच कोल्हापुरात वाढला. आणि गरीब मुलांच्या शिक्षणासाठी मालाच्या विक्रीतला वाटा मागण्याचा प्रयोगही त्याने शंभर वर्षांपूर्वी करून पाहिला होता. माझ्या नातवाच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या माणसाच्या आयुष्यात आहेत. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील.

कुंभोजचा मुलगा

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यात, बाहुबलीच्या डोंगराजवळच्या कुंभोज गावी झाला. घराणे जैन शेतकऱ्याचे. मूळ गाव वाळवे तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक. वडील सरकारी नोकरीत, त्यामुळे बदलीचे गाव तेच मुलाचे गाव. अंगापिंडाने दणकट, पोहण्यात आणि कुस्तीत पुढे, अभ्यासात मात्र यथातथा, असा हा मुलगा होता. अन्याय दिसला की त्याचा हात आधी चाले. अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत म्हणून लहानपणी त्याने विहिरीवरचा रहाटच मोडून टाकला, अशी हकीकत त्याच्याविषयी सांगितली जाते.

पुढच्या शिक्षणासाठी तो कोल्हापूरला आला आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागला. कोल्हापुरात तेव्हा शाहू महाराजांनी जातीजातीच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करण्याचा सपाटा लावला होता. त्यांतच अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. भाऊराव त्या समारंभाला जाऊन आले. परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध व्हावे, असा बोर्डिंगचा आग्रह होता. त्यांनी तो मानला नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्यानंतर त्यांना शाहू महाराजांचा आसरा मिळाला. मॅट्रिकचा दरवाजा मात्र त्यांना कधी ओलांडता आला नाही. ज्या माणसाच्या नावाने आज महाविद्यालये चालतात, त्याच्याजवळ शाळेचा शेवटचा दाखलाही नव्हता.

साताऱ्याला येऊन त्यांनी मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. पण सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. 1914 साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला डांबर फासले गेले. त्या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, म्हणून भाऊरावांवर दडपण आले. हे लठ्ठे जैन समाजातले मोठे विद्वान. भाऊरावांनी साक्ष द्यायला नकार दिला आणि त्यापायी कोठडीतले हाल सोसले. दुसऱ्याच्या नावावर खोटे बोलून स्वतःची सुटका करून घेण्यापेक्षा मरण पत्करलेले बरे, इथपर्यंत त्यांचे मन गेले होते. शब्द ही या माणसाच्या लेखी किती जड वस्तू होती, हे या प्रसंगावरून कळते. पुढची हकीकत समजून घ्यायची तर हे ध्यानात ठेवायला हवे.

काच आणि नांगर

पोटासाठी भाऊरावांनी जो व्यवसाय धरला, तो फिरत्या विक्रेत्याचा. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला ओगल्यांचा काचकारखाना 1916 मध्ये सुरू झाला होता. किर्लोस्करवाडीला लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर तयार होत होते. या दोन्ही कारखान्यांच्या मालासाठी भाऊराव गावोगाव हिंडले.

आज नांगर विकणे म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगावे लागेल. लोखंडी नांगर निघाला, तेव्हा शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हता. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, असा पक्का समज होता. किर्लोस्करांचे पहिले नांगर दोन वर्षे खपले नव्हते. अशा वस्तूचे गिऱ्हाईक दुकानात बसून मिळत नाही. त्यासाठी शेतावर जावे लागते, बांधावर बसावे लागते, शेतकऱ्याच्या शंका ऐकाव्या लागतात. म्हणजे नांगर विकणाऱ्याला आधी शेतकऱ्याला शिकवावे लागते.

या फिरस्तीत भाऊरावांनी सातारा, सांगली, कोल्हापूर या भागातली खेडी आतून बघितली. सावकाराच्या वहीवर आपला अंगठा कशासाठी उठतो आहे, हे न कळणारा कुणबी पाहिला. गुरांमागे हिंडणारी, अक्षराचे तोंड न पाहिलेली पोरे पाहिली. जोतिराव फुल्यांनी 1848 पासून पुण्यात शाळा काढल्या, तेच जोतिराव पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी चालवत आणि कंत्राटे घेत. सत्यशोधक मंडळींना व्यवसाय आणि शाळा या दोन परक्या गोष्टी वाटत नव्हत्या. भाऊराव त्याच मंडळींतले. नांगराच्या विक्रीतून संसार चालत होता, पण डोक्यात दुसरीच नांगरट सुरू झाली होती.

4 ऑक्टोबर 1919 रोजी, विजयादशमीच्या सुमारास, कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. रयत म्हणजे सामान्य कष्टकरी प्रजा. नावातच कुणासाठी हे काम आहे, ते सांगून टाकले होते. संस्था निघाली खरी, पण संस्थेला पैसा हवा आणि तो फिरत्या विक्रेत्याच्या खिशातून किती दिवस निघणार?

दिलेला शब्द

इथे धनजीशा कूपर या उद्योजकाचा प्रवेश होतो. कूपर साताऱ्याचे. पुढे 1937 साली मुंबई प्रांताचे काही महिने पंतप्रधान झाले, तेच हे सर धनजीशा. 1922 च्या सुमारास सातारा रोडजवळ पाडळीला त्यांचा नांगरांचा कारखाना उभा राहिला. कारखाना उभा करण्यात आणि त्याचा माल खपवण्यात भाऊरावांचा वाटा मोठा होता. शेतकऱ्याचा विश्वास ही त्यांची कमाई होती आणि ती त्यांनी या कारखान्याच्या पाठीशी उभी केली.

भाऊरावांनी हे कशासाठी केले? त्यांचे चरित्रकार सांगतात की, कारखान्याच्या नफ्यातला वाटा बहुजनांच्या मुलांच्या शिक्षणाला मिळेल, असे कबूल झाले होते. योजना देखणी होती. शेतकरी नांगर घेणार, त्याची जमीन सुधारणार, कारखान्याला नफा होणार आणि त्या नफ्यातून त्याच शेतकऱ्याचे पोर शिकणार. शेतातला पैसा फिरून शेतकऱ्याच्याच घरी परत येणार. आज वहीच्या पुठ्ठ्यावर जे छापतात, त्याचा हा जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचा आराखडा होता, आणि माझ्या मते पुठ्ठ्यावरच्यापेक्षा चांगला होता. कारण इथे माल विकत घेणारा आणि मदत मिळणारा हे दोघे एकाच घरातले होते.

पण वाटा द्यायची वेळ आली, तेव्हा शब्द पाळला गेला नाही. दोघांचे बिनसले. भाऊराव संतापाने पेटून उठले आणि कारखान्याशी असलेला संबंध त्यांनी तोडला.

बँकेतला माणूस म्हणून मी या प्रसंगाकडे पुन्हा पुन्हा पाहतो. कारखानदाराला एकट्याला दोष देऊन भागणार नाही. नवा कारखाना म्हणजे न भरणारा रांजण. कच्चा माल, मजुरी, उधारी, व्याज हे सगळे नफ्याच्या आधी उभे असते. नफा झाला तरी तो आधी कुणाचा, हा वाद कुठल्याही पेढीत सुटत नाही. शाळेचे तसे नसते. मूल आज भुकेले आहे आणि आजच त्याला वही हवी आहे. कारखान्याचा ताळेबंद मार्चअखेर जमेल तेव्हा जमेल, तोवर मुलाने थांबायचे का? मुलाचे शिक्षण दुसऱ्याच्या नफ्याच्या शेपटीला बांधले की ते त्या नफ्याबरोबर हेलकावे खाणार, हा धडा भाऊराव पाडळीला शिकले. तो धडा शाळेत शिकवत नाहीत. त्याची फी त्यांनी आपल्या आयुष्यातल्या ऐन उमेदीच्या वर्षांनी भरली.

लक्ष्मीबाईंचे सोने

भाऊराव साताऱ्याला परतले आणि 1924 साली त्यांनी तिथे छत्रपती शाहूंच्या नावाने बोर्डिंग सुरू केले. सगळ्या जातींची मुले एका छपराखाली राहणार, एका पंगतीत जेवणार, आपापली भांडी घासणार आणि पाळीपाळीने स्वयंपाक करणार, असा तिथला शिरस्ता होता. आज यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. पण त्या काळी एका ताटाच्या अंतराने गावे पेटत. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधी या बोर्डिंगमध्ये आले आणि त्यांच्या हस्ते त्याचा नामकरण समारंभ झाला.

पण पाहुणे गेल्यावर संध्याकाळची भाकरी उरतेच. कारखान्याचा वाटा आला नाही, सरकारचे अनुदान नाही, आणि मुले वाढतच होती. अशा वेळी घरातली लक्ष्मी पुढे झाली. भाऊरावांच्या पत्नीचे माहेरचे नाव आदाक्का, सासरचे लक्ष्मीबाई. कुंभोजच्या सधन पाटील घराण्यातली, सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही जैन घरची लेक. लग्नात अंगावर भरपूर सोने घेऊन आलेली. ते सोने एकेक करून मुलांच्या धान्यासाठी गेले. एकदा बोर्डिंगात दाणा उरला नाही, तेव्हा तिने गळ्यातले मंगळसूत्रही काढून दिले, ही गोष्ट सातारा भागात घरोघरी सांगितली जाते.

सोने तारण ठेवून कर्ज घेणाऱ्या शेकडो बायका मी बँकेच्या काउंटरवर पाहिल्या आहेत. मुलीचे लग्न, नवऱ्याचे आजारपण, बी-बियाणे अशी कारणे असत. पाटल्या काढताना त्यांचा हात क्षणभर मनगटावरच अडखळतो. लक्ष्मीबाईंनी ते सोने दुसऱ्यांच्या पोरांसाठी काढले, आणि ती पोरेही अशी की ज्यांची सावली तिच्या माहेरच्या स्वयंपाकघरावर पडू दिली नसती. 1930 साली ती गेली. रयतचा वटवृक्ष तिने पाहिला नाही, त्याचे रोप तेवढे पाहिले. भाऊरावांच्या चरित्रात तिला एक प्रकरण मिळते. खरे म्हणजे संस्थेच्या हिशेबात भांडवल या सदराखाली पहिले नाव तिचे लिहायला हवे.

योगायोग पाहा. अमेरिकेत अलाबामा राज्यात बुकर टी. वॉशिंग्टन या गुलामगिरीत जन्मलेल्या माणसाने 1881 साली टस्कीगीला निग्रो मुलांसाठी शाळा सुरू केली, असे त्या काळच्या भाषेत म्हणत. आज आपण कृष्णवर्णीय मुले म्हणू. इमारतीसाठी विद्यार्थ्यांनी विटा पाडायला घेतल्या. तीन भट्ट्या वाया गेल्या. पैसा संपला, तेव्हा वॉशिंग्टनने आपले घड्याळ गहाण टाकले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. पुढे त्या विटा आसपासचे गोरे लोकही विकत घेऊ लागले आणि शाळेला उत्पन्नाचे साधन मिळाले. तिथे घड्याळ, इथे मंगळसूत्र. भाऊरावांना महाराष्ट्राचे बुकर टी. वॉशिंग्टन म्हटले गेले, ते उगाच नव्हे.

मूठभर धान्य, हातभर काम

पाडळीच्या अनुभवानंतर भाऊरावांनी पैशाच्या वाटाच बदलल्या. एका मोठ्या दात्यापेक्षा हजार लहान दाते बरे, हे त्यांनी ओळखले. त्यातून मुष्टिफंड निघाला. घरच्या बाईने दळण काढताना एक मूठ धान्य बाजूला टाकायचे आणि ते बोर्डिंगला द्यायचे. मूठभर धान्याने कुणाचे घर बुडत नाही, आणि एखाद्या घराने हात आखडला तरी बोर्डिंग बुडत नाही. आम्ही बँकेत जोखीम वाटून टाका म्हणून परिपत्रके काढत असू. पाचशे घरांत जोखीम वाटण्याची ही युक्ती त्या मॅट्रिक न झालेल्या माणसाला कुणी शिकवली होती?

दुसरी वाट श्रमाची. मुलांनी शेती करायची, खडकाळ माळ फोडायचा, विहिरी खणायच्या, इमारतीचे दगड वाहायचे, आणि त्या श्रमातून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवायचा. 1940 साली साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. विद्यार्थ्याने कमवावे आणि शिकावे या तत्त्वावर चालणारे ते मोफत निवासी हायस्कूल होते. तिथल्या मुलाला फी माफ नव्हती असे म्हणा, किंवा ती त्याने कुदळीने भरली असे म्हणा. त्याला कुणाचे उपकार घेतल्यासारखे वाटत नव्हते, हे महत्त्वाचे.

माझी बदली सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत झाली होती, तेव्हाची गोष्ट. दर महिन्याला पेन्शन घ्यायला एक निवृत्त शिक्षक येत. धोतर, कोट, डोक्यावर टोपी. रांगेत वयस्कर माणसांना आम्ही आधी बोलवत असू, पण ते कधी पुढे येत नसत. एकदा मी त्यांना आत बोलावून चहा दिला आणि बोलता बोलता त्यांच्या तळहातांकडे माझे लक्ष गेले. शिक्षकाचे हात वाटत नव्हते. त्यांनी सांगितले की, ते भाऊरावांच्या बोर्डिंगात शिकले, आणि गावाबाहेरच्या एका विहिरीचे निम्मे दगड त्यांच्या पाठीवरून वर आले आहेत. सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आपल्या नावावर एखादी जमीन असल्यासारखे ते त्या विहिरीविषयी बोलत होते.

आज मुलांना दगड वाहायला लावणे आपल्याला रुचणार नाही, आणि ते योग्यच आहे. मुलाच्या शिक्षणाचा खर्च मुलाच्याच पाठीवर टाकणे हा न्याय नव्हे. भाऊरावांनाही दुसरा मार्ग मिळाला असता, तर त्यांनी तो घेतला असता. पण न मिळालेल्या पैशाची वाट पाहत मुलांची वर्षे वाया घालवणे त्यांना पटले नाही.

सरकारही एक दाताच

सरकारच्या मदतीला भाऊरावांनी नाही म्हटले नाही. 1935 साली साताऱ्याला त्यांनी ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. जिथे कुणी शाळा काढत नाही, अशा वाड्यावस्त्यांवर त्यांनी पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा उभ्या केल्या. मास्तर तयार करायचा आणि त्याला वाडीवर पाठवायचा, असा तो कारखानाच होता. नांगराऐवजी माणसे घडवणारा. पुणे कराराची आठवण म्हणून 1932 मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले आणि 1954 मध्ये कऱ्हाडला गाडगे महाराजांच्या नावाचे.

गांधीजींच्या हत्येनंतर, 1948 साली, त्यांच्या नावाने 101 हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास त्यांच्या सडेतोड बोलण्याने सरकार दुखावले गेले आणि संस्थेचे अनुदान बंद झाले. कारखानदाराचा वाटा जसा थांबला, तसाच आता सरकारचाही थांबला. या वेळी मात्र संस्था कोसळली नाही. मुठीतले धान्य आणि मुलांचे हात शाबूत होते. गाडगेबाबा मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे गेले आणि त्यांनी मध्यस्थी केल्यावर अनुदान पुन्हा सुरू झाले. हाती खापर घेऊन भाकरी मागणारा बैरागी एका शिक्षणसंस्थेच्या अनुदानासाठी मुख्यमंत्र्यांपुढे उभा राहतो, हे दृश्य कादंबरीत लिहिले, तर समीक्षक त्याला अतिरंजित म्हणतील.

देणग्यांच्या बाबतीत त्यांचा एक प्रसंग फार बोलका आहे. एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली, पण शिवाजी कॉलेजचे नाव बदलून आपले सांगितलेले नाव द्यावे, अशी अट घातली. भाऊरावांनी ती झिडकारली. एक वेळ आपण आपल्या बापाचे नाव बदलू, पण कॉलेजवरचे शिवाजी महाराजांचे नाव बदलणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. पैशाची गरज नव्हती असे नाही. गरज तर रोजचीच होती. पण पैसा आत येताना काय बाहेर नेतो, हे ते आधी बघत.

पांढरी दाढी, खादीचे कपडे, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी, असा हा माणूस अखेरपर्यंत गावे तुडवत राहिला. नांगर विकायला हिंडणारे पाय तेच होते, माल बदलला होता. 1959 च्या जानेवारीत भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. दिली, मॅट्रिक हुकलेल्या माणसाला विद्यापीठाने उशिरा का होईना, दाखला दिला. आणि 9 मे 1959 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तोवर शंभराहून अधिक माध्यमिक शाळा, तीन महाविद्यालये आणि कित्येक वसतिगृहे उभी राहिली होती. आज रयतच्या शाखा सातशेच्या पुढे आहेत. पाडळीच्या नफ्यातला वाटा मिळाला असता, तर यातले किती उभे राहिले असते, हे सांगता येत नाही. कदाचित जास्त, कदाचित लवकर. पण वाटा मिळाला नाही म्हणून काही थांबले नाही.

पुठ्ठ्यावरची ओळ

आता पुन्हा त्या वहीकडे येतो. कंपन्यांनी शिक्षणाला पैसा द्यावा, यात वाईट काहीच नाही. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. आपल्या सातपूर-अंबडच्या पट्ट्यातून निघून त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या बाजूला गेलात, तर एखाद्या शाळेच्या भिंतीवर कंपनीचे नाव दिसेल. आत बाके असतील, संगणक असतील. जे काम पूर्वी एखाद्याच्या शब्दावर अवलंबून होते, त्याला कायद्याची चौकट आली. भाऊरावांच्या हातात असा कायदा असता तर?

तरी वहीच्या पुठ्ठ्यावरचा शब्द अजून शब्दच आहे. काही भाग म्हणजे किती, तो वेळेवर पोचला का आणि कोणत्या मुलापर्यंत पोचला, हे विचारणे म्हणजे संशय घेणे नव्हे. ज्या कंपनीने खरोखर दिले असेल, तिला आकडा छापायला अडचण नसावी. आणि गिऱ्हाईक म्हणून आपल्यालाही एक मोह असतो. वही घेतली, पुठ्ठ्यावरची ओळ वाचली, मनाला बरे वाटले, की आपली मूठ टाकून झाली असे आपण समजतो. मुष्टिफंडातली बाई रोज मूठ टाकत होती आणि ते धान्य कोणत्या पोराच्या ताटात पडते, हे तिला ठाऊक होते. वही विकत घेताना आपण तसे काही टाकत नाही. आपण फक्त वही घेतो.

आठवड्याने नातू पुन्हा आला, तेव्हा मी त्याला भाऊरावांची गोष्ट सांगितली. नांगराची सांगितली, मंगळसूत्राची सांगितली, विहिरीच्या दगडांची सांगितली. त्याला पाडळीचा भाग सगळ्यांत जास्त आवडला. मुलांना भांडणे आवडतात. गोष्ट संपल्यावर त्याने वही उघडून मागच्या पुठ्ठ्यावरच्या ओळीखाली पेन्सिलीने एक छोटे प्रश्नचिन्ह काढले. मग आजीकडून पोस्टकार्ड मागून घेतले. कंपनीचा पत्ता वहीवरच छापलेला आहे. पत्रात काय लिहायचे, ते त्याचे त्याने ठरवले आहे. मी फक्त शुद्धलेखन तपासणार आहे.